क्रूझवर स्नॉर्केलिंग: मास्क स्वतःचा हवाच, फिन्स बंदर पाहून ठरवा

आमच्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळींपैकी कुणी कॅरिबियनची किंवा बर्म्युडाची क्रूझ बुक केली की मला फोन येतो. "स्नॉर्केलिंगचं सामान विकत घेऊ, की तिथे भाड्याने मिळतं?" मिळतं, जवळपास प्रत्येक बंदराजवळ मिळतं. पण 'सगळं न्यायचं की काहीच नाही' असा विचार केला की निर्णय बिघडतो. डोळे-नाक झाकणारा मास्क, स्नॉर्कल (तोंडात धरून श्वास घ्यायची नळी), फिन्स (पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) आणि तरंगण्यासाठीचं जॅकेट या चार वेगळ्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा आहे. माझं मत पक्कं आहे. मास्क आणि स्नॉर्कल ज्याचा त्याचा असावा, घरातल्या प्रत्येकाचा. फिन्सचं मात्र दोन गोष्टींवर ठरवा: जहाजापर्यंत तुम्ही गाडीने जाणार की विमानाने, आणि पाण्यात किनाऱ्यावरून उतरणार की बोटीवरून.

मास्क

स्नॉर्केलिंगची मजा आणि वैताग, दोन्ही मास्कवर अवलंबून असतात. फिन्स थोडे सैल असले तर पाय दुखतील, पण मासे दिसतील. मास्कमध्ये पाणी झिरपत असेल तर दर दोन मिनिटांनी डोकं वर काढावं लागतं, नाकात खारं पाणी जातं, आणि पहिल्यांदाच उतरलेला माणूस घाबरून कायमचा किनाऱ्यावर बसतो. आमच्या ओळखीत 'मला स्नॉर्केलिंग जमत नाही' म्हणणारे बरेच जण आहेत. त्यांच्याशी नीट बोललं की कळतं, त्यांना न बसणारा मास्क मिळाला होता.

मास्क चेहऱ्याला बसतो की नाही हे दुकानातच कळतं, पाण्यात उतरावं लागत नाही. पट्टा मास्कच्या पुढे टाका. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला हलकेच टेकवा, नाकाने थोडा श्वास आत ओढा आणि हात सोडा. श्वास रोखून धरलाय तोवर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. घसरला, किंवा कपाळाशी, गालाशी हवा शिरल्याचं जाणवलं, तर दुसरा बघा. पट्टा आवळून हा दोष जात नाही. उलट जास्त आवळल्यावर सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती वाढते. चेहरे अरुंद, रुंद, खोल डोळ्यांचे, उंच गालांचे असतात. म्हणून मैत्रिणीला छान बसलेला मास्क तुम्हाला बसेलच असं नाही. ऑनलाइन घेतलात तर परत करता येईल असाच घ्या आणि निघायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. काचेवर 'टेम्पर्ड' (म्हणजे मजबूत केलेली काच) असं कोरलेलं असावं आणि कड सिलिकॉनची असावी. प्लास्टिकच्या काचेचे, कडक कडेचे स्वस्त संच लहान मुलांच्या तरण तलावापुरते ठीक आहेत.

आता चष्म्याबद्दल. याच एका कारणासाठी मी भाड्याच्या मास्कला कधी हात लावत नाही. माझा नंबर उणे साडेपाच आहे. साध्या काचेतून मला रंगांचे हलते डाग दिसतात. मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही, कारण काड्यांमुळे कड चेहऱ्याला टेकत नाही. दोन वेगळ्या काचा असलेल्या बऱ्याच मास्कना नंबरच्या तयार काचा मिळतात, साधारणपणे अर्ध्या अर्ध्या नंबरच्या टप्प्याने. डाव्या-उजव्या डोळ्याचा नंबर वेगळा असेल तर दोन वेगळ्या काचा मागवता येतात. पाण्याखाली मास्कमधून वस्तू मुळातच मोठ्या आणि जवळ दिसतात. त्यामुळे आपला नेमका नंबर मिळाला नाही तर अर्ध्याने कमी नंबरही बहुतेकांना पुरतो. तयार काचांमध्ये सिलिंडरचा (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) नंबर नसतो. तो मोठा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, किंवा प्रिस्क्रिप्शनप्रमाणे काचा बसवून देणाऱ्याकडे जा. असा मास्क बंदरावरच्या भाड्याच्या टपरीत सहसा मिळत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावून उतरणारे पुष्कळ आहेत, पण पाणी आणि कॉन्टॅक्ट लेन्स एकत्र आणू नका असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, आणि त्याला कारण आहे. पाण्यातल्या अकँथअमिबासारख्या जंतूंचा संसर्ग डोळ्याला झाला तर तो फार त्रासदायक असतो. नंबरचा मास्क घातल्यावर पहिल्यांदा पोपटमासा चोचीने खडक खरवडताना स्पष्ट दिसतो, आणि तेवढ्यासाठी त्या काचांचे पैसे मला कधीच जास्त वाटले नाहीत.

नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो काढला नाही तर काहीही करा, काच धुरकट होते. पांढरी साधी टूथपेस्ट (जेलवाली नको) बोटाने काचेला आतून चोळा, धुवा, पुन्हा चोळा. दोन-तीनदा करावं लागतं. काचेला आधीच धुकं न धरणारा लेप दिलेला असेल तर मात्र टूथपेस्ट लावू नका, सोबतचा कागद आधी वाचा. पाण्यात उतरताना बेबी शाम्पू पाण्यात मिसळून त्याचा एक थेंब आतून फिरवायचा आणि समुद्राच्या पाण्याने विसळायचं. शाम्पू नसेल तर थुंकी. ऐकायला कसंतरी वाटतं, पण चांगलं काम करते, आणि आपल्या मालकीच्या मास्कमध्ये थुंकायला संकोचही वाटत नाही.

मिशा असलेल्यांसाठी थोडं जास्त सांगते. माझ्या नवऱ्याच्या मिशा भरघोस आहेत आणि त्या काढायचा विषयच नाही. नाकाखाली जिथे मास्कची कड टेकते तिथली केसांची एक बारीक पट्टी उडवायची, बाकी मिशी तशीच ठेवायची. पट्टीवर सिलिकॉनचं ग्रीस लावलं की पाणी बरंच अडतं. पेट्रोलियम जेली नको, ती मास्कच्या कडेला चांगली नाही. बायकांनी केस खाली, मानेपाशी बांधावेत. कपाळावरची एखादी बट कडेखाली अडकली तरी तिथून पाणी आत येतं. पट्ट्यावर निओप्रीन या मऊ रबरी कापडाचं आवरण चढवलं तर केस ओढले जात नाहीत. आणि मंगळसूत्र, कानातलं, बांगड्या केबिनच्या तिजोरीत ठेवून या. कॅरिबियनमध्ये बॅराकुडा मासा जागोजागी असतो. तो सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, पण चमकणारी वस्तू त्याला छोट्या माशासारखी दिसू शकते.

पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कबद्दल दरवेळी विचारणा होते, कारण तो दिसायला सोपा वाटतो आणि नाकाने श्वास घेता येतो. मी तो घेत नाही आणि कुणाला घ्या म्हणत नाही. नीट न बनवलेल्या मास्कमध्ये आपणच सोडलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. घाबरल्यावर तो चटकन काढता येत नाही. नाक चिमटून कानातला दाब सोडता येत नाही, म्हणून खाली बुडी मारता येत नाही. कित्येक बोटवाले तो घालून उतरूच देत नाहीत, त्यामुळे एवढी मोठी वस्तू वाहून नेलेली फुकट जाते.

स्नॉर्कल, श्वास आणि घरातली मोठी माणसं

स्नॉर्कल स्वतःचा असावा याचं पहिलं कारण उघड आहे. तो तोंडात धरायचा आहे. चांगली दुकानं तो जंतुनाशकात बुडवून ठेवतात, पण गर्दीच्या दिवशी, एका वेळी चार जहाजं बंदरात असताना, मागच्याने परत केलेला नग पुढच्याच्या हातात किती वेळाने जातो ते उभं राहून बघा. चावून चावून तुटलेले माउथपीसही भाड्याच्या सामानात खूप दिसतात. ते तोंडात नीट बसत नाहीत आणि जबडा दुखून येतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. वरच्या टोकाला झडप असलेले 'ड्राय टॉप' स्नॉर्कल लाट आली की बंद होतात. नवशिक्यांना ते आवडतात, मुलांना मी तेच देते. पण झडपा, वळणं, अरुंद नळी यांमुळे श्वास ओढताना अडथळा वाढू शकतो. हवाईमध्ये स्नॉर्केलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यात नळीतून श्वास ओढायला पडणारा जोर, आधीपासून असलेले हृदयाचे विकार आणि दमणूक या गोष्टी एकत्र आल्या की फुप्फुसांत झपाट्याने पाणी साठू शकतं, असा धोका पुढे आला. म्हणजे नाकातोंडात पाणी न जाताही माणूस अडचणीत येऊ शकतो. भारतातून आलेल्या सासू-सासऱ्यांना, आई-बाबांना हौसेने पाण्यात नेताना हे डोक्यात असू द्या. रक्तदाब किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्या स्नॉर्कलने समुद्रात उतरणार तोच घेऊन आधी घरी सोफ्यावर बसून दहा मिनिटं श्वास घ्यायला सांगा, मग तरण तलावात. भाड्याच्या स्नॉर्कलची अशी परीक्षा घेता येत नाही. पाण्यात दम लागल्यासारखा वाटला तर पोहत सुटायचं नाही. थांबायचं, उताणं व्हायचं किंवा उभं राहायचं, स्नॉर्कल तोंडातून काढायचा आणि जोडीदाराला हात करायचा.

मालवणला किंवा तारकर्लीला स्नॉर्केलिंग केलेले लोक मला सांगतात, 'आम्हाला सवय आहे.' तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोटवाला मास्क देतो, तरंगतं कडं देतो आणि एक जण सतत सोबत असतो. कॅरिबियनमध्ये किनाऱ्यावरून उतरलात तर सोबत फक्त घरचे असतात. म्हणून सराव तलावात आधी करा, क्रूझच्या पहिल्या बंदरावर नको.

फिन्स

इथे जहाजापर्यंतचा रस्ता बघायचा. आमच्याकडून बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरावर गाडीने जाता येतं. विमान नाही, वजनाची मर्यादा नाही. तिथून बर्म्युडाला जाणारं जहाज रॉयल नेव्हल डॉकयार्डला लागतं आणि बहुतेकदा रात्रीही तिथेच थांबतं. म्हणजे एकाच जागी दोन-तीन वेळा पाण्यात उतरता येतं, तेही बोट न करता, आपलं आपण. अशा क्रूझला मी सगळ्यांचे फिन्स बिनदिक्कत नेते. डॉकयार्डहून दक्षिण किनाऱ्याने जाणारी सात नंबरची बस चर्च बेला सोडते. रस्त्यापासून पायऱ्या उतरल्या की प्रवाळाचे खडक किनाऱ्याला अगदी खेटून आहेत आणि पोपटमासे भरपूर दिसतात, कारण बर्म्युडाने त्यांच्या मासेमारीवर १९९३ पासून बंदी घातली आहे. तिथे भाड्याचं सामान मिळेलच असं धरून चालू नका. सेंट जॉर्जच्या बाजूचा टोबॅको बे लहान मुलांसाठी जास्त शांत आहे आणि तिथे सामान भाड्याने मिळतं. बर्म्युडाच्या बसमध्ये मोठ्या बॅगा घेत नाहीत, म्हणून फिन्स खांद्यावरच्या जाळीच्या पिशवीत मावतील असेच हवेत. बसमध्ये ओल्या पोहण्याच्या कपड्यांत चढू नका, वरून काहीतरी घाला, तिथे ते पाळतात. एप्रिल-मेमध्ये पाणी विशीच्या आसपास, म्हणजे आपल्याला चांगलंच गार. ऑगस्टमध्ये ते २७-२८ अंशांवर जातं. वसंतात जात असाल तर निओप्रीनचा पातळ अंगरखा फिन्सपेक्षा आधी बॅगेत टाका.

विमानाने मायामीला किंवा सॅन हुआनला जाऊन जहाज पकडायचं असेल तर चित्र बदलतं. लांब फिन्सची जोडी बॅगेची लांबी खाते आणि चौघांच्या चार जोड्यांना जवळजवळ एक वेगळी बॅग लागते. तिचे जाता-येता विमान कंपनीला पैसे भरले की त्यात फिन्स भाड्याने येतात. तेव्हा बंदरं कोणती आहेत ते बघते. ग्रँड केमनला लोक बहुतेक स्टिंगरे सिटीला जातात. तिथे वाळूच्या उथळ पट्ट्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं असतं, फिन्स घालायचेच नसतात, पाय घासत चालायचं असतं. शिवाय तिथल्या जॉर्जटाउन बंदरात जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. अशा ठिकाणी हातात जितकं सामान कमी तितकं बरं. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर पालांकार वगैरे रीफ (प्रवाळाचे खडक) बोटीनेच करायचे. बोटीच्या तिकिटात सामान धरलेलंच असतं, प्रवाह असतो, जॅकेट घालावं लागतं आणि वाटाड्या सोबत असतो. म्हणून तिथे मी मास्क-स्नॉर्कल माझे आणि फिन्स बोटवाल्याचे घेते.

याउलट बोनेअर बेटावर फिन्स सोबत असण्याचं खरं सुख आहे. क्रालेंडाइक गावाबाहेर पडलं की रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात, प्रत्येकावर त्या जागेचं नाव असतं. तिथून सरळ पाण्यात उतरायचं, रीफ काही मीटरवर सुरू होतो. १९७९ पासून तिथला समुद्र संरक्षित आहे. पाण्यात उतरणाऱ्याला निसर्ग-शुल्क भरावं लागतं, प्रवाळाला हात लावायचा नाही आणि हातमोजे तर चालतच नाहीत. किनारा प्रवाळाच्या तुकड्यांचा, अणकुचीदार आहे. तिथे टाच उघडी असलेले, पट्ट्याचे फिन्स आणि आत रबरी बूट ही जोडी उत्तम. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉनच्या ट्रंक बेला पाण्याखाली माहितीफलक लावलेली पायवाट आहे आणि सामान तिथेच किनाऱ्यावर भाड्याने मिळतं. शेजारच्या सेंट थॉमस बेटाला जहाज लागलं की रेड हूकहून फेरी पकडून जायचं असतं. एवढ्या टॅक्सी-फेरी-टॅक्सीत मी फिन्स नेत नाही.

सगळ्यांचा विचार करून सांगायचं तर विमानाने जाणाऱ्यांनी प्रवासासाठीचे आखूड फिन्स घ्यावेत. ते केबिन बॅगेत तिरके मावतात, लांब फिन्सइतका वेग देत नाहीत, पण किनाऱ्याजवळच्या तासाभरासाठी पुष्कळ झाले. नवशिक्यांच्या पायात गोळे येण्याचं प्रमाणही आखूड फिन्सने कमी होतं. लहान मुलांचे फिन्स विकत घेऊ नका, वर्षात लहान होतात. मास्क मात्र त्यांच्या मापाचा घ्याच, कारण लहान चेहऱ्याला बसेल असा मास्क भाड्याच्या ढिगात क्वचित सापडतो.

पैशांचा हिशेब

साध्या पण चांगल्या मास्क-स्नॉर्कलला साधारण ४० ते ६० डॉलर पडतात, नंबरच्या काचा वेगळ्या. पूर्ण संचाचं भाडं बंदरावर माणशी १० ते २० डॉलरच्या घरात असतं. समजा चौघं आहेत, तीन बंदरांवर उतरणार आणि भाडं १५ डॉलर. १८० डॉलर झाले. म्हणजे पहिल्या क्रूझला विकत घेणं आणि भाड्याने घेणं जवळपास सारखंच पडतं. दुसऱ्या क्रूझपासून वाचायला लागतात. पण एकाच बंदरावर, आयुष्यात एकदाच करून बघायचं असेल आणि कुणाला चष्मा नसेल, तर खुशाल भाड्याने घ्या. बोटीची सहल जहाजाकडून बुक केली असेल तर सामानाचे पैसे त्यातच आलेले असतात. ते परत मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

काही छोट्या जहाजांवर, जसं विंडस्टार किंवा ताहितीकडचं पॉल गोगँ, स्नॉर्केलिंगचं सामान प्रवाशांना फुकट वापरायला देतात. एकदा घ्यायचं आणि सफर संपेपर्यंत आपल्याकडे ठेवायचं. अशा जहाजावर फक्त मास्क घेऊन जा. मोठ्या जहाजांच्या खासगी बेटांवर सामान भाड्याने असतं, दर आधीच बघून ठेवा. पाण्यात उतरताना जॅकेट घालण्याचा तिथला नियम मास्क स्वतःचा असला तरी पाळावा लागतो.

भाड्याने घ्यायचंच असेल तर

रांगेत घाई असते आणि देणारा माणूस चेहरा बघून अंदाजाने मास्क हातात ठेवतो. तसा घेऊ नका. पट्टा न लावता चिकटतो का ते तिथेच बघा आणि नाही चिकटला तर दुसरा मागा. कडेला चीर, काचेवर ओरखडे, पट्ट्याची तुटकी बकल हे उजेडात तपासा. स्नॉर्कलचं वरचं टोक हाताने बंद करून माउथपीसमधून हवा ओढून बघा, हवा आली तर खालची झडप फाटलेली आहे आणि तिथून सारखं पाणी येतं. फिन्स कोरड्या पायाने घालून बघताना थोडे घट्ट वाटले तर चालतील, टाच निसटणारे नकोत. दोन फिन्स एकाच मापाचे आहेत ना, तेही बघा.

अनामत म्हणून पासपोर्ट किंवा जहाजाचं कार्ड कधीही देऊ नका. रोख ठेवा किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. परत करायची वेळ ठरवताना जहाजाचं घड्याळ वापरा. कोझुमेल ज्या किंताना रू राज्यात आहे, तिथे २०१५ पासून वर्षभर एकच वेळ असते. उन्हाळ्यात मायामीच्या वेळेवर चालणाऱ्या जहाजापेक्षा तिथलं घड्याळ एक तास मागे असतं. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागतो आणि आपल्याकडे अजून तासभर आहे असं वाटतं.

जॅकेट आणि कपडे

आपल्यातल्या पुष्कळ जणांना पोहता येत नाही, किंवा तलावापुरतंच येतं. त्यांच्यासाठी तोंडाने फुगवायचं स्नॉर्केलिंगचं जॅकेट ही मास्कनंतरची सगळ्यात उपयोगी खरेदी आहे. घडी केली की टी-शर्टएवढं होतं. गॅसच्या कुपीने फुगणारं घेऊ नका, विमानात कुपीची कटकट होते. केबिनमधली केशरी लाइफ जॅकेट जहाजाच्या आणीबाणीसाठी असतात, ती बंदरावर नेता येत नाहीत. हे जॅकेट नदी-समुद्रात जीव वाचवणाऱ्या जाड जॅकेटची जागा घेत नाही. अजिबात न पोहणाऱ्याने जाड जॅकेटच मागावं आणि पाय टेकतील तिथेच राहावं.

पाठ आणि पोटऱ्या उन्हात भाजतात आणि पाण्यात असताना कळत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि पूर्ण पायांची टाइट्स घाला. सासूबाईंच्या वयाच्या बायकांनाही त्यात मोकळं वाटतं. शिवाय सनस्क्रीन कमी लागतं. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवर २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे. हवाईमध्ये पहिल्या दोन घटकांच्या विक्रीवर २०२१ पासून. झिंक ऑक्साइडवालं घ्या आणि तेही पाण्यात उतरण्याच्या बरंच आधी लावा.

विमानात, केबिनमध्ये आणि शेवटच्या रात्री

मास्क आणि स्नॉर्कल विमानात हातातल्या बॅगेत नेता येतात आणि तिथेच ठेवावेत, विशेषतः नंबरचा मास्क. चेक-इन केलेली बॅग उशिरा आली तर जहाज थांबत नाही. मास्क त्याच्या कडक डबीत घाला, डबीत मोजे कोंबा, म्हणजे जागा वाया जात नाही. पाणबुड्यांचा सुरा, भाला मारायची बंदूक असलं काही घेऊ नका, जहाजाच्या तपासणीत काढून घेतात.

केबिनमध्ये सामान वाळवणं हेच सगळ्यात किचकट काम आहे. किनाऱ्यावर शॉवर असेल तर तिथेच वाळू काढा. नंतर केबिनच्या शॉवरखाली गोड्या पाण्याने सगळं नीट धुवा, स्नॉर्कलमधून पाणी आरपार सोडा. शॉवरमध्ये बहुधा ओढून बांधायची दोरी असते, तीवर कपडे. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, म्हणून चुंबकाचे हुक न्या आणि मास्क, पिशवी त्यांवर अडकवा. बाल्कनीच्या कठड्यावर काहीही वाळत घालू नका. जहाजवाल्यांना चालत नाही, आणि वाऱ्याने उडालेली वस्तू समुद्रातच जाते. मास्क उन्हात ठेवला तर सिलिकॉन खराब होतं, सावलीतला वारा पुरे.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. शेवटचं बंदर त्याच दिवशी असेल, आणि खासगी बेट बऱ्याचदा शेवटी असतं, तर फिन्स, बूट आणि जॅकेट ओलेच राहतात. म्हणून एक मोठी जलरोधक पिशवी न्या. ओलं सामान तिच्यात घालून हातात उतरवा, किंवा त्या दिवशी फक्त मास्क-स्नॉर्कल वापरा.

स्वतःचं सामान नेणाऱ्यावर एक जबाबदारी येते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. २०१४ साली मायामीजवळ दगडी प्रवाळांना एक रोग दिसला, ज्यात प्रवाळाचा जिवंत थर काही आठवड्यांत गळून पडतो. तो २०१८ मध्ये कोझुमेलला पोहोचला, २०२० मध्ये ग्रँड केमनला, २०२३ मध्ये बोनेअरला. शेकडो वर्षं वाढलेले प्रवाळ त्यात मेले आहेत. ओलं सामान एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेताना तो पसरू नये म्हणून प्रत्येक जागेनंतर सामान स्वच्छ करून पूर्ण वाळवा असं समुद्र-संरक्षण करणाऱ्या संस्था सांगतात. आपण तर आठवड्यात तीन-चार बेटं करतो. म्हणून बंदराहून आल्यावर जेवायला जायच्या आधी धुणं. आदल्या दिवसाचे रबरी बूट अजून ओले असतील तर दुसऱ्या बेटावर ते मी नेत नाही, तिथे भाड्याने घेते किंवा तसंच भागवते. फिन्स रीफला लागू देऊ नका, प्रवाळावर उभं राहू नका, वाळूवरच पाय टेका. शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत नकोत.

घरी आल्यावर फिन्स, बूट आणि जाळीची पिशवी पातळ ब्लीचच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, मग साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. मास्क-स्नॉर्कल सौम्य साबणाने धुतले तरी पुरे. मास्कचं पारदर्शक सिलिकॉन काळ्या रबराला चिकटून ठेवलं तर पिवळं पडतं, म्हणून तो डबीत वेगळा ठेवा. फिन्स आडवे ठेवा, पाय घालायच्या जागेत फिन्स विकत घेताना मिळालेला प्लास्टिकचा साचा घाला. पाती टेकवून उभे ठेवले तर वाकतात आणि पुढच्या वर्षी सरळ होत नाहीत.